बाद केलेले फोटो

४ मार्च

मिळाला! वर्षातल्या सर्वोत्तम वृत्तछायाचित्राचा पुरस्कार. कोसळलेल्या इमारतीसमोर फुटपाथवर बसलेला म्हातारा, अंगभर धूळ, मांडीवर एकच चप्पल. परीक्षक म्हणाले, "त्या पांढऱ्या पडलेल्या ओठांवर अख्खी दुर्घटना लिहिली आहे." मी मान खाली घालून ऐकत होते, नम्र दिसावं म्हणून. बोलायला उभं केलं तेव्हा तोंडातून निघून गेलं — त्यांनी मला नजरेनंच परवानगी दिली होती. टाळ्या पडल्या. कुठून सुचतं मला असलं!

घरी आल्यावर ताई म्हणाली, "स्टेजवर जायच्या आधी केसांवरून कंगवा तरी फिरवायचास." मग पिशवीत हात घातला नि पट्टा सुरू. "सकाळी भरून दिलेली बाटली तशीच परत? फोटो काढून तहान भागते का तुझी?" हे आमचं रोजचंच आहे.

५ मार्च

ऑफिसात केक. माझा फोटो भिंतीवर, दारातून आत येताच समोर. उगाचच दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने तिकडून गेले.

७ मार्च

त्या म्हाताऱ्याच्या मुलीचा ऑफिसात फोन आला. भेटायचंय म्हणे. फोटो काढला त्याच संध्याकाळी म्हातारा हॉस्पिटलात वारला होता. मला माहीतच नव्हतं — कारण मी विचारलंच नव्हतं. फोटो पाठवला आणि दुसऱ्या कामावर पळाले.

काका, म्हणजे आमचे फोटो विभागाचे प्रमुख, म्हणाले, "आधी वकिलाशी बोल. जास्त काही कबूल करू नकोस."

९ मार्च

आली. भांडली असती तर बरं झालं असतं. चाळिशीची असेल, शिवणकाम करते, बोटाला चिकटपट्टी. खुर्चीच्या कडेवर बसून बोलली.

"फोटो चांगलाय. पण घरात नाही लावता येत मला. बाबा घाबरलेत त्यात. अल्बम सगळे ढिगाऱ्याखाली गेले हो. तुम्ही तेव्हा अजून काढले असतील ना? एखादा दुसरा असला तर…"

बघते, म्हणाले. वर तिला चहा पाजला. बघण्यासारखं काही नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. एक फोटो निवडायचा, पाठवायचा, गाडीतच कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकायचं — ही माझी पद्धत. नव्या पोरांना छाती पुढे काढून शिकवते, कार्ड रिकामं तर डोकं रिकामं. माझं डोकं खरंच रिकामं होतं.

एका माणसाचे शेवटचे फोटो होते ते, आणि मी ते पुढच्या पत्रकार परिषदेला जागा हवी म्हणून पुसले.

१० मार्च

तोंड दाखवायला जागा नाही. भिंतीवरचा तो फोटो नको वाटतो म्हणून मागच्या जिन्याने गेले.

१२ मार्च

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या लंबूला सहज विचारलं. तो म्हणाला, "पुसलं म्हणजे गेलंच असं नाही. त्यावर नंतर काही काढलं नसेल तर परत मिळतं." ते कार्ड पत्रकार परिषदेत काही काढायच्या आधीच कुरकुरायला लागलं होतं, म्हणून मी खणात फेकलं होतं. सापडलं! लंबूला दिलं. केवढा आनंद झाला — पण खरं लिहायचं तर तिच्यासाठी नाही. माझी मान सुटेल म्हणून.

१४ मार्च

मिळाले. काही अर्धे करडे, काही धड.

आता आठवलं मी बाकीचे का बाद केले होते. प्रत्येकात त्याचा हात वर आहे. उघडा पंजा, सरळ माझ्याकडे केलेला. थांब, काढू नकोस. मला तेव्हाही ते कळलं होतं, आणि मी तो हात खाली जायची वाट बघत उभी राहिले. दमून खाली गेला. तो माझा पुरस्काराचा फोटो.

नजरेनं परवानगी म्हणे. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

१५ मार्च

एका फोटोत हात फ्रेमच्या बाहेर राहिलाय. चेहरा बाजूला वळलेला, बराच शांत. तेवढाच देता येईल. काका म्हणतात, "तेवढाच दे आणि बाकीचे पूस. एकदा पुसलेच होतेस की."

ताईला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तिच्या बापाचे फोटो आहेत. तू कोण त्यातले निवडणारी?"

सगळे देणार. आणि तोंडाने सांगणार — ते नको म्हणत होते, तरी मी काढले.

१७ मार्च

तिच्या घरी गेले. भाड्याची एक खोली, मशीन दाराशी. वाक्य पाठ करून गेले होते. म्हणून टाकलं. "तुमचे वडील मला नको म्हणत होते. मी ऐकलं नाही."

तिने फोटो एकेक करून बघितले. वर केलेल्या हाताशी थांबली आणि चक्क हसली. डोळे भरलेले.

"नको कुठे म्हणतायत! अर्धांगानंतर बाबांची वाचा गेली होती. बोटंही मिटायची नाहीत. पंजा असा वर केला की पाणी हवंय. दिवसातून दहा वेळा करायचे. बघा ना, अगदी आमचे बाबा!"

तोच फोटो मोठा करून हवाय तिला. मशीनच्या वर लावणार. मी लगेच करून देते म्हणाले आणि निघाले.

१८ मार्च

काल निघताना मी चप्पल घालत होते तेव्हा तिने विचारलं होतं, "मग दिलं ना कोणी पाणी?"

हो म्हणाले मी. मीच दिलं, म्हणाले. तिने माझे हात धरले.

इमारत कोसळली त्या दिवशीही ताई ओरडली होती, बाटली भरलेलीच परत आणली म्हणून.