नातीची तब्येत आणि आमची साक्ष

प्रिय चिमणे,

(साठी उलटल्यावर हे नाव तुला शोभत नाही, पण माझ्या तोंडी तेच बसलं आहे.) थोरलीचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? मी बरी आहे. निदान शनिवारपर्यंत होते.

झालं असं, की नातीनं जेवताना ताट तसंच बाजूला सारलं. लेकीचा जीव थाऱ्यावर राहिना. लगेच आम्ही तिघं तिला घेऊन मुलांच्या दवाखान्यात. तिथल्या बाकावर (इतका बुटका, की गुडघे हनुवटीला लागतात) बसून एकेकानं तक्रारी सांगितल्या. लेक म्हणाली, "हिला झोपच लागत नाही हो. सारखी कसल्या तरी काळजीत असते." जावई म्हणाले, "आणि जेवलं की छातीत जळजळतं तिच्या." हे मला नवीनच! मग मी तरी मागे का राहू? सांगितलं, की पोर संध्याकाळभर एकटी खिडकीशी बसते, घरात तिच्याशी कोणी धड बोलत नाही.

डॉक्टरीणबाई (वयानं माझ्या लेकीहून लहान, आगाऊपणात मोठी) लिहायची थांबली. नातीकडे वळून म्हणाली, "काय गं, खरं का हे?"

कार्टी पाय हलवत म्हणाली, "मी मैत्रिणीकडे जेवून आले होते. झोप मला वर्गातसुद्धा येते. जळजळ बाबांना होते, आणि रात्री जागी आई असते. संध्याकाळी तर मी बॅडमिंटनला असते!"

"मुलगी ठणठणीत आहे," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही तिघं मात्र आपापल्या डॉक्टरांना भेटा."

लेक-जावयाचं समजलं. पण तिघं का? मला कुठे काय झालंय? खोटं बोललं की कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आपल्याला वर्गाबाहेर उभं करायच्या. तेव्हापासून मी कधी खोटी साक्ष दिलेली नाही. खिडकीशी कोणीतरी बसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग ती बॅडमिंटनला असते, तर बसतं कोण? माझं डोकंच चालेनासं झालं आहे.

लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण संतापले की माझं अक्षर बिघडतं, म्हणून थांबते.

तुझी,
थोरली

ता. क. महिनाभर इकडे येऊन राहतेस का? माझ्या खोलीत दुसरा पलंग सहज मावतो.

आणखी एक ता. क. नातीला तुझी फार आठवण येते, असं मी घरात सांगितलं आहे. फोनवर तिला त्याबद्दल काही विचारत बसू नकोस.