पंक्चरबाबा आणि कुशाबाईचा रस्ता

मु. पो. वरवंड, ता. दौंड
१२ फेब्रुवारी २००४

तीर्थस्वरूप गेणबा आबांस, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, रखमाजीचा, दोन्ही हात जोडून रामराम.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. निदान पत्राला बसलो तेव्हा तरी होतो. (कुशाबाई मेंढरांकडं गेलीय, म्हणजे रस्त्यापलीकडं. ती आली की पक्कं सांगतो.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमच्या कारेगावात कंपन्यांच्या बसगाड्या गेल्या की फळीवरची भांडी वाजतात, असं तुम्ही मागं म्हणाला होता आणि मी हसलो होतो. आता आमचीही वाजत होती. कुशाबाईनं सगळी खाली काढून ठेवली, म्हणून घर शांत आहे.

तुम्ही दिवाळीच्या आधी बघितलेला रस्ता आता विसरा. सोलापूरकडं जाणारे दोन आणि पुण्याकडं जाणारे दोन असे चार पदर झालेत. मधे दुभाजक, आणि आमच्या दारासमोर दुभाजकात एक फट सोडलीय, तेवढीच काय ती माणसांची सोय. घर अलीकडं, रान आणि मेंढरांचा वाडा पलीकडं. धनगराच्या जातीला चालायचं भय नसतं आबा, मेंढरांमागं कोकणापर्यंत पायी गेलेला माणूस मी. पण हा रस्ता चालायचा नाही, नुसता ओलांडायचा आहे, आणि तेच जमत नाही. त्यात माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. (डॉक्टर म्हणतो पिकू द्या, जसा काय पाडाचा आंबा.) लांबून ट्रक येतोय की झाड उभं आहे ते मला कळत नाही. जे जवळ येतं तो ट्रक, अशी माझी ओळखायची रीत. एक दिवस कुशाबाईनं माझ्या हातातली काठी काढून घेतली. म्हणाली, तुमाला मेंढरं मोजता येत न्हाईत, आजपासनं मी जाती. मला राग आला. मोजणीत मी कधी चुकलेलो नाही. पण तुमच्या बहिणीपुढं कुणाचं चाललंय?

तेव्हापासून ती सकाळ-संध्याकाळ जाते. जाताना डोक्यावर चाऱ्याचा भारा. भारा असला की मान वळत नाही, म्हणजे ती फक्त समोर बघते, आणि गाड्या तर बाजूनं येतात. मी ओट्यावर बसून कान देतो. ब्रेक कर्रकन वाजला की देवाचं नाव घेतो. नाही वाजला तर दोनदा घेतो.

मग गावानं सभा बोलावली. रस्त्याचे साहेब आले, नकाशा आणला. आमचं म्हणणं साधं होतं, गाड्या हळू करा नाहीतर खालून बोगदा द्या. पण गाव म्हटल्यावर एक म्हणणं कुठलं राहायला? आमचा शेजारी पोपट (त्यानं निम्म्या रानाचे प्लॉट पाडून रंगीत झेंडे लावलेत आणि उरलेल्यात ढाबा काढलाय) म्हणाला, गतिरोधक पायजेच, पन ढाब्याम्होरं पायजे. साहेब म्हणाले, हमरस्त्यावर गतिरोधक बसत नाही, आणि बोगदा नकाशात आहे. मी विचारलं, सायेब, नकाशातनं मेंढरं न्यायची कशी? सगळे हसले, साहेबही हसले, चहा झाला, आणि नकाशा गुंडाळून ते गेले. मी घरी येऊन जेवलो नाही.

आता पुढचं तुमच्या-माझ्यात ठेवा. तुम्हाला आठवत असेल, आपण मेंढरं घेऊन फिरत होतो तेव्हा जिथं मुक्काम पडेल तिथं एक दगड मांडायचो, त्याला भंडारा लावायचो आणि निघताना देव तिथंच सोडून पुढं जायचो. मला वाटलं, माणसाला बघून गाडी हळू होत नाही, देवाला बघून होईल. ड्रायव्हर कितीही माजलेला असला तरी देवापुढं त्याचा एक हात स्टिअरिंगवरून सुटून कपाळाला जातो. कुशाबाई यवतच्या बाजाराला गेली होती. मी आपल्या विहिरीवरचा एक बरा गोटा नेला, कानाच्या भरवशावर रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला, दुभाजकाच्या फटीसमोर मांडला, भंडारा उधळला आणि काहीच माहीत नसल्यासारखा घरी येऊन बसलो.

आणि आबा, गाड्या खरंच हळू झाल्या. चार दिवस मी सुखानं जेवलो. मग एका परप्रांतीय ट्रकवाल्यानं हात जोडायला वेग कमी केला आणि त्याच्या ध्यानात आलं की मागचं चाक बसलंय. वेगात असता तर उलटलाच असता. तो खाली उतरला, बाबा ने बचाया म्हणत लोटांगण घातलं आणि पार हैदराबादपर्यंत सांगत गेला. आता आमच्या गोट्याचं नाव पंक्चरबाबा आहे. ट्रक हळू होत नाहीत, थांबतात. एकामागं एक उभे राहतात, नारळ फुटतात, आणि मागून येणारी एसटी त्यांना वळसा घालून सुसाट जाते. पोपटानं नारळाचं दुकान टाकलंय. देव जागृत आहे, आमच्या आज्यानं बघितलेला हाय, असं तो सगळ्यांना सांगतो. (आज्यानं तो बघितलेला असणार हे खरं आहे. आमच्या विहिरीवर पाणी प्यायला तो यायचा.) रस्त्याचे साहेबही परवा आले, बूट काढून पाया पडले, आणि देवाला धक्का लावू नका म्हणून मजुरांना बजावून गेले. माणसांचं काही बोलले नाहीत.

म्हणजे पूर्वी कुशाबाईला येणारी गाडी निदान दिसत तरी होती. आता ती दोन उभ्या ट्रकांच्या मधून एकदम बाहेर येते. गोटा माझा आहे असं सांगावं तर सगळे पुन्हा सुसाट सुटतील आणि पोपट मला गावात राहू देणार नाही. न सांगावं तर हे असं. फिरस्ती होती तेव्हा बरं होतं, देव सोडून पुढच्या मुक्कामाला जाता येत होतं. आता घर बांधून बसलोय, जाणार कुठं? मला झोप नाही. जेवताना घास तोंडाशी नेला की हॉर्न वाजतो आणि मी दारात जाऊन उभा राहतो.

तर विनंती अशी की तुमच्या बहिणीला महिनाभर माहेरपणाला बोलवावं. वहिनींना सांगून साडीचोळीचं निमित्त काढा. तुम्ही बोलावलं तर ती येईल. थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
रखमाजी

ता. क. माहेरपणाचं वर लिहिलंय, पण ते मी तिला कालच विचारून बघितलं होतं. मेंढरं काय पोपट बघनार व्हय, म्हणाली. आणि खरी गोष्ट लिहायची राहिली. ती आता दुपारीही रस्ता ओलांडते, हातात ताट घेऊन. पंक्चरबाबाला. तिला वाचवायला मी देव मांडला आणि देवापायी तिची एक फेरी वाढली. तेव्हा माहेरपणाचं राहू द्या आणि येत्या रविवारी तुम्हीच या. तुमच्या अंगात देव येतो हे दोन तालुक्यांना माहीत आहे. तो आला की त्यानं म्हणावं, मला पलीकडं करमत नाही, अलीकडं रखमाजीच्या अंगणात आणून ठेवा. (खोटं बोला असं मी म्हणत नाही. देव येणारच असेल तर त्याच्या कानावर आधी घालून ठेवा, एवढंच.)

ता. क. दुसरा. वरचं लिहिलं आणि कुशाबाई आली. सुखरूप आहे. मी सहज विचारलं, रोज एवढं काय मागतीस गं त्या देवाला? आधी सांगेना. मग पाठमोरी होऊन म्हणाली, ह्यांचा पाय त्या रस्त्यावर पडू देऊ नगंस, आसं म्हंती. मोजायचं निस्तं निमित्त व्हतं, तुमाला दिसत न्हाई. आन् चुलीकडं गेली. मी परत पत्राला बसलो आबा. तेव्हा देव हलवायचं राहू द्या. फेरी वाचली तरी मेंढरं पलीकडंच आहेत. देवानं एवढंच म्हणावं की ह्या दोघांनी रस्ता जोडीनं ओलांडायचा, हात धरून. तिला दिसतं पण भाऱ्याखाली मान वळत नाही, मला दिसत नाही पण ट्रक कुठून येतोय ते कानाला बरोबर कळतं. मी नुसता म्हणालो तर ती ऐकायची नाही, ढाब्यावरची माणसं बघत्यात म्हणेल. लग्नानंतर जेजुरीला तिला उचलून पायऱ्या चढलो, त्यानंतर चारचौघांत मी तिचा हात धरलेला नाही. देवानंच सांगितलं तर ती नाही म्हणणार नाही.