बेबीनंदाची पत्रिका आणि माझा फिरता बॅकअप

१ सप्टेंबर २००७, शनिवार

आजपासून रोजनिशी. मोठे इंजिनिअर लॉग ठेवतात, हा माझा लॉग. बायकोने, म्हणजे दुर्गाने, वाचू नये. वाचणारही नाही, तिला कामातून सवड कुठे असते.

'उगले कॉम्प्युटर्स, घनसावंगी' या आपल्या दुकानातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून सहा महिने झाले. तालुक्यात पहिला मी. दुसरा अजून कोणी झालेला नाही. अडचण एकच, लोडशेडिंग. लाईट येते, कॉम्प्युटर जांभया देत उठतो, दुर्गा लग्नपत्रिकेची फाईल उघडते आणि लाईट जाते.

आज मासिकात वाचलं की दोष लाईटचा नाही, इनिटचा आहे. इनिट म्हणजे कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात आधी उठून बाकीच्यांना उठवणारा प्रोग्रॅम. आपला जुना इनिट एकेकाला उठवतो. एक तोंड धुऊन आला की मग दुसऱ्याला हाक. रनिट नावाचा नवा इनिट आहे, तो सगळ्यांना एकदम उठवतो आणि कोणी परत आडवा झाला तर त्याला पुन्हा उभा करतो.

संकल्प: रनिट बसवणे. पण आधी संपूर्ण सिस्टिमचा बॅकअप. शिस्त म्हणजे शिस्त.

२ सप्टेंबर

बॅकअप घेतला नाही. उत्साहात राहून गेलं. रनिट बसवला. काळा पडदा.

दुर्गा म्हणाली, आव, चार गिऱ्हाइकं येऊन बसलीत, त्यांना काय सांगू? म्हटलं, सिस्टिम अपग्रेड होऊन राह्यली म्हणून सांग. ती म्हणाली, मागच्या आठवड्यात बी तेच सांगितल्तं.

९ सप्टेंबर

जमलं! लाईट आली, बटण दाबलं, दुर्गाने किटलीतून चहा ओतायला घेतला. कप भरायच्या आत कॉम्प्युटर तयार. मला जरा भरून आलं. शेजारच्या प्रेसवाल्या फकरोद्दीनला बोलावून दाखवलं. त्याच्याकडे विंडोज. त्याचा कॉम्प्युटर उठेपर्यंत माणूस जेवून येतो. तो म्हणाला, माशाल्ला, तातेराव, बहोत जल्दी. मगर प्रिंटर कू क्या हुआ?

प्रिंटरचा प्रोग्रॅम मरत होता. मेला की रनिट त्याला उठवत होता. उठला की तो तेच पान परत छापत होता. बारशाचं एकच निमंत्रण छापून छापून रीम संपली. दुर्गा म्हणाली, बारसं एकाच पोराचं आहे. ती तांत्रिक बाजू समजून घेत नाही.

१२ सप्टेंबर

घरातही रनिट पद्धत लागू केली. सकाळी आई, दुर्गा आणि दोन्ही पोरी यांना एकदम हाक मारून उठवलं. मोरी एकच आहे हे लक्षात नव्हतं. आईने दिवसभर अबोला धरला. उद्यापासून जुनी पद्धत, म्हणजे दुर्गा आधी उठते आणि बाकीच्यांना उठवते. मी शेवटी.

३० सप्टेंबर

गावातल्या भुजंगच्या पोरीचं, बेबीनंदाचं, लग्न डिसेंबरात. पत्रिका आमच्याकडे. भुजंग आणि त्याचा थोरला भाऊ कचरू यांच्यात बांधावरून पाच-सहा वर्षं बोलचाल बंद आहे. आता पत्रिकेवर निमंत्रक म्हणून पहिलं नाव कोणाचं, यावर अडलंय. भुजंग म्हणतो, पोरगी माझी. कचरू म्हणतो, थोरला मी, माझं नाव खाली लागलं तर मांडवात पाय ठेवणार न्हाई, बिलकुल न्हाई. दुर्गाने दोनदा प्रूफ काढून दिलं. दोघांनी आपापल्या घरी नेऊन पेनाने नावं वरखाली करून आणली. शेवटी तिने सांगून टाकलं की आता कागद मिळणार नाही, दोघांनी एकत्र येऊन पडद्यासमोर बसायचं.

बेबीनंदा स्वतः येऊन गेली. लहानपणी ती कचरूच्याच ताटात जेवायची म्हणे. दुर्गाला म्हणाली, काकू, मोठे बाबा आले न्हाई तर माझं मन लागणार न्हाई हो. डोळे पुसत गेली.

मी त्या वेळी कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामात होतो.

१४ ऑक्टोबर

मोठी बातमी. दोघे भाऊ एका बाकावर बसले. मध्ये दुर्गा. नाव वर गेलं, खाली आलं, शेजारी आलं. शेजारी आलं तर कचरू म्हणाला, डावीकडचं आधी वाचतात. मग दुर्गाने सगळी नावं गणपतीभोवती गोल लावली. दोघांनी माना तिरक्या करून पाहिलं. गोल कुठून सुरू होतो ते दोघांनाही सापडेना. दोघे एकदम म्हणाले, बराबर. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी एकच शब्द.

मुहूर्ताची वेळ गुरुजी दिवाळीनंतर सांगणार. तोवर छपाई नाही, फाईल दुर्गाच्या फोल्डरमध्ये राहील. तिने फोल्डरला नाव दिलंय 'किरकोळ'.

मुख्य मुद्दा राहिला. भुजंगने मला शब्द दिलाय की पत्रिकेत खाली 'विशेष उपस्थिती: संगणकतज्ज्ञ श्री. तातेराव उगले' असं येईल. मी मागितलं नव्हतं. फक्त विषय काढला होता.

१५ ऑक्टोबर

फकरोद्दीन म्हणाला, ती पत्रिका मेरे कम्प्यूटर में भी एक रख दो, लाईट का क्या भरोसा. मी हसलो. म्हटलं, आमची पद्धत वेगळी आहे. मी चालू सिस्टिम जशीच्या तशी सीडीवर नेणार. उद्या हार्ड डिस्क जळून खाक झाली तरी सीडी घालायची, बटण दाबायचं आणि चहा ओतायचा. सगळं उभं. याला लाईव्ह बॅकअप म्हणतात. तो म्हणाला, अच्छा, आणि कामाला निघून गेला.

१६ ऑक्टोबर

सीडी सुरू होत नाही. सीडी बनवणारा प्रोग्रॅम जुन्या इनिटलाच हाका मारतो. तो घरात नाही. काळा पडदा. चार सीड्या वाया. पोरींनी त्यांचे पंखे केले.

१७ ऑक्टोबर

हाक कुठे मारायची ते शोधून दुरुस्त केलं. सकाळी सीडी सुरू झाली! रनिटसकट! असं मराठवाड्यात कोणी केलं नसेल. चौकशी केलेली नाही, पण नसेलच.

एक बारीक अडचण. सीडीवर जागा सातशे एमबी, सिस्टिम त्याहून जास्त. काहीतरी वगळणं भाग होतं. माझे निसर्गदृश्यांचे वॉलपेपर वगळले तर सिस्टिमला शोभा राहत नाही. माझं सत्काराला उत्तर देणारं भाषण वगळून चालणार नाही, सत्कार कधीही ठरू शकतो. 'किरकोळ' वगळलं. नावच किरकोळ. आणि बॅकअप सिस्टिमचा असतो, पत्रिकांचा नव्हे.

दोन प्रती. एक दुकानात. दुसरी गावाबाहेर ठेवावी असं शास्त्र आहे. लालमियाँ रोज घनसावंगी-जालना जीप मारतो. त्याला दिली. बॅकअप फिरता असलेला बरा.

२१ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा. कॉम्प्युटरला झेंडूचा हार. बॅकअपची सीडीही पाटावर मांडली, तीच आपली खरी ढाल. आईने विचारलं, हिचं तोंड कोणचं? मी सांगितलं, चमकते ती बाजू तोंड. दुसऱ्या बाजूवर माझं अक्षर आणि सही आहे, तिला ओलं लागू नये.

चमकत्या बाजूवर कुंकवात तेल कालवून मी स्वतः स्वस्तिक काढलं. फार सुबक आलं. वर हळद, अक्षता. देवाचं कुंकू पुसू नये म्हणून तसंच कव्हरात घालून कपाटात ठेवलं. समाधान वाटलं.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

लक्ष्मीपूजनाला तीच सीडी पुन्हा पाटावर. आधीच्या कुंकवावर नवं कुंकू. आता ही सीडी भलतीच पक्की झाली असणार.

१३ नोव्हेंबर

लाईट गेली होती ती आली, पण आली ती फार दांडगी. दोन बल्ब फुटले. हार्ड डिस्क आतून कटकट करायला लागली आणि गप्प झाली.

दुर्गाचं तोंड उतरलं. मी मात्र शांत. खरं सांगायचं तर आनंदच झाला. ज्याच्यासाठी एवढी तयारी केली तो दिवस हाच. योगायोगाने भुजंग आणि कचरू मुहूर्त घेऊन आलेच होते. दोघांना खुर्च्या दिल्या. फकरोद्दीनलाही बोलावलं. दुर्गाला चहा ठेवायला सांगितलं. इनिट म्हणजे काय यावर थोडं बोललो. कचरू म्हणाला, तातेराव, भाषण नंतर, आधी पत्रिका दाखवा ना.

कपाटातून सीडी काढली. कव्हरासकट एकजीव झालेली. ओढून काढली तर अर्धं कुंकू कव्हराला, अर्धं सीडीला. तांदूळ डिंक लावल्यासारखे चिकटलेले. ओल्या फडक्याने पुसली, मग टूथपेस्ट लावली, मग खोबरेल. सीडी आत गेली, घरघर झाली, बाहेर आली. तीनदा. चहा निवला. आई म्हणाली, देवाचं कुंकू पुसलं तू, मंग कशी चालंल?

भुजंग म्हणाला, म्हणजे पत्रिका गेली काय? मी म्हणालो, गेली असं म्हणू नये, दुसरी प्रत जालन्याच्या रस्त्यावर आहे.

दोघे भाऊ उठले. दोघे दोन दरवाजांनी बाहेर पडले.

१४ नोव्हेंबर

दुपारभर स्टँडवर. लालमियाँची जीप आली. सीडी त्याने लाल दोऱ्यात ओवून आरशाला टांगली होती, खाली मणी. त्याला वाटलं मी भेट दिली. म्हणाला, तातेरावभाई, फिरती तो सवारी खूश होती, अब ये निकालूँ तो आरसा उघडा दिसेगा. त्याच्या जागी चार बिघडलेल्या सीड्यांपैकी दोन द्यायच्या ठरल्या.

नवी हार्ड डिस्क यायची होती, पण आपल्याला डिस्क लागतच नाही! सीडी घातली. बटण. दुर्गाने कप धरला. कप भरायच्या आत पडदा उभा. रनिट, प्रिंटर, सगळं जागच्या जागी. वर धबधब्याचा वॉलपेपर. स्टँडवरून माझ्यामागोमाग आलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी भाषणाची फाईल उघडून दाखवली. तीही शाबूत.

दुर्गाने विचारलं, किरकोळ कुठंय?

१५ नोव्हेंबर

वगळण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असायलाच नको होती. परदेशी लोक अशा सोयी देतात आणि आपल्याकडची माणसं अडचणीत येतात. यावर सविस्तर इमेल लिहिणार.

बेबीनंदा दुकानात येऊन बाकावर बसली. मी टेबल पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं. दुर्गाने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, रडू नको, मी दोघांना परत बसवते. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

दोघे भाऊ फकरोद्दीनच्या प्रेसमध्ये बसले. विंडोजसमोर. मला बोलावलं नव्हतं. मध्ये एकच भिंत आहे, ऐकू येतं.

आधी कचरू माझ्याबद्दल बोलला. मग भुजंग माझ्याबद्दल बोलला. मग दोघे मिळून बोलले. एकाने शब्द टाकावा आणि दुसऱ्याने तो पुरा करावा, असं चाललं होतं. कुंकवाचा प्रसंग कचरूने नक्कल करून सांगितला तेव्हा भुजंगला हसता हसता ठसका लागला. कचरूनेच त्याला पाणी दिलं असावं. मग कचरू म्हणाला, जाऊ दे रे, पोरगी तुझी, तुझं नाव आधी टाक. भुजंग म्हणाला, न्हाई दादा, तुमचं आधी. आता यावरून भांडण सुरू झालं. फकरोद्दीन म्हणाला, या अल्ला.

माझ्या अपयशामुळे सहा वर्षांचा अबोला सुटला, असाही याचा अर्थ निघतो. मी तो काढला आहे. दुर्गाला सांगितला. ती म्हणाली, जेवून घ्या.

२१ नोव्हेंबर

नवी डिस्क बसवली. संकल्प: आता दोन डिस्क आणि पाच सीड्या. यापुढे पूजेला फक्त माऊस.

दुर्गाने बाजारातून पेनड्राइव्ह आणला. रोज संध्याकाळी 'किरकोळ' त्यात घालते आणि पदराच्या गाठीला बांधते. याला मी बॅकअप मानत नाही. त्याच्यावरून कॉम्प्युटर सुरू होत नाही.

२६ नोव्हेंबर

पत्रिका छापून आली. बेबीनंदा आणि कचरू दोघे मिळून द्यायला आले. कचरूने दुर्गाच्या हातात अक्षता दिल्या आणि म्हणाला, वैनी, तुम्ही आधी यायचं, मंग आम्ही. दुर्गाला रडू आलं. मलाही आलं असतं, पण मी पत्रिका वाचत होतो.

'विशेष उपस्थिती' हा भाग काढून टाकलाय. 'संगणकतज्ज्ञ' हा शब्द कुठे नाही. शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं. तिथे फकरोद्दीनच्या प्रेसचं नाव आहे. मग वरून पाहत आलो. गणपतीच्या खाली, दोघा भावांच्याही वर, अख्ख्या पत्रिकेत पहिली ओळ अशी आहे:

प्रमुख उपस्थिती: सौ. दुर्गाबाई तातेराव उगले.

म्हणजे नाव आलंच. ठळक अक्षरात, मधोमध. आईला वाचून दाखवताना मी तेवढं जरा मोठ्याने वाचलं.