काचेवरची सरळ रेघ

अप्पा, शरणु.

तुमच्याकडचा हा नमस्काराचा शब्द माझ्या तोंडी अजून नीट बसत नाही. तुम्ही हसायचात, "लोह्याचं पोर उदगीरचं बोलाया निघालं बघा!" आज मात्र हसू नका. उद्या अकरा वाजता वैशाली प्रयोगशाळेत येईल. तिला जे सांगायचं आहे ते आधी तुम्हाला सांगतो, कारण मी तिच्यासमोर तुमचं नाव खराब केलंय.

आपला शेवटचा शोधनिबंध आठवतो ना? अणूंच्या दोन-चार थरांएवढा पातळ चुंबकीय पापुद्रा चिकटपट्टीने सोलून काढायचा, प्लास्टिकच्या पट्टीवर बसवायचा, आणि खालून स्क्रू फिरवून पट्टी वाकवायची. पट्टी वाकली की पापुद्रा ताणला जातो. आपण लिहिलं होतं की जितका ताण जास्त, तितक्या कमी जोराने त्याच्या चुंबकत्वाची दिशा उलटते. किती खूश होता तुम्ही! मी खूश नव्हतो. इतकं सुंदर उत्तर आलं की मला भीती वाटते. तुम्ही म्हणायचात, "बालाजी, तू देवळात बी मूर्तीकडं संशयानं बघत असशील." तेवढं मात्र खोटं होतं, अप्पा. मारुतीपुढे उभा राहिलो की मी काही तपासत नाही.

दिवाळीनंतर परदेशातून एका गटाचं पत्र आलं. त्यांना आपल्याइतका बदल दिसत नव्हता. मला वाटलं, नांदेडातून आलेलं काम म्हणून नाकं मुरडताहेत. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. पण वैशालीने ते वाचलं होतं. ती देगलूरची, तुम्ही गेल्यानंतर आपल्याकडे संशोधनाला आलेली. तिची सगळी पीएच.डी. आपल्या त्या निबंधावर उभी आहे. आठवड्याने ती दारात येऊन उभी राहिली.

"सर, रागावणार न्हाई ना?"

"काय झालं?"

"पापुद्रा काचेच्या तुकड्यावर बसवला अन् काच पट्टीवर नुसती टेकवली. पट्टी वाकती, पण काच काय ताणत न्हाई. तरी बी तसंच येऊन राहिलंय."

"मोजण्यात चुकली असशील."

"तीनदा केलं सर. आता तुम्हीच बसा."

बसलो. खरंच तसंच आलं! ताण नाही, तरी बदल आहे. मग ताणाचा काय संबंध? मी यंत्राकडे बघत बसलो आणि ही पोर कपाटाच्या दारावरचा छोटा चुंबक काढून घेऊन आली. स्क्रूला लावला. चिकटला.

"सर, हे पितळ न्हाई. आत लोखंड हाय, वरून नुसतं पाणी दिलंय."

पितळेचा म्हणून तो स्क्रू तुम्हीच बाजारातून आणला होता, अप्पा. फिरवला की तो वर सरकायचा आणि पापुद्र्याजवळचं चुंबकीय क्षेत्र बदलायचा. आपण त्यालाच ताणाचा परिणाम म्हणत होतो. जन्मभर चुंबक शिकवला तुम्ही! भांड्यांच्या दुकानात बाया लोटा घेण्याआधी चुंबक लावून बघतात, तेवढं तुम्हाला सुचू नये?

तेव्हा वैशालीने विचारलं, "मोठ्या सरांना माहीत असंल का हो?"

आणि मी म्हणालो, "असेल."

एवढंच म्हणालो. तिने मान खाली घातली. तुमच्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि बॅग उचलून गेली.

नंतर मी तुमच्या मागेच लागलो. निबंधात तर आपण लिहिलं होतं की काचेवरची तपासणी केली, बदल दिसला नाही, आलेखावर नुसती सरळ रेघ आली. मग ती कोणी केली, कधी केली, याचा पुरावा शोधायला रविवारी उदगीरला गेलो. काकूंनी चहा ठेवला आणि तुमच्या वह्यांची पिशवी पुढे सरकवली. "ह्या तुलाच द्यायच्या म्हणून ठिवल्यात. कवापासून वाट बघून राहिले, आता येतो व्हय?" त्यांना मी काय सांगणार होतो, की तुमचा मालक लबाड होता का ते बघायला आलोय?

परतीच्या एस.टी.त वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तुमचं गोल अक्षर. 'काचेवर — बालाजीने केले. सरळ रेघ.'

अप्पा, मी ते केलं नव्हतं.

मी विसरलो होतो असं म्हणणार नाही. विसरल्यासारखं वागत होतो. तुम्ही लातूरच्या दवाखान्यात होता. फोनवर तुमचा आवाज अर्धाच यायचा.

"काचेवर करून पाहिलंस का रे?"

"हाव अप्पा, पाहिलं."

"मग?"

"काहीच न्हाई. सरळ रेघ."

त्या आठवड्यात मी यंत्र चालूसुद्धा केलं नव्हतं. वाटलं, येणार तर तेच आहे. वाटलं, तुमच्या डोळ्यांदेखत निबंध छापून यावा. यात प्रेम किती आणि आळस किती, ते मला अजून वेगळं करता येत नाही. साऱ्या जगाच्या आकड्यांवर संशय घेणारा मी, माझ्याच तोंडच्या रेघेवर घेतला नाही. आणि तुम्ही ती वहीत उतरवून ठेवलीत, मोजून आलेल्या आकड्यासारखी!

फोनवर तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, "बरं. पाठवून दे." ते गप्प राहणं कसलं होतं? दम लागला होता, की मला ओळखलं होतं? वहीत 'रेघ' शब्दाशेजारी पेनाचा एक ठिपका आहे. नुसतं पेन टेकलं होतं, की काही विचारायचं होतं? विचारलं का नाहीत, अप्पा? एकदा दरडावून "खरं सांग" म्हणाला असता, तर मी सांगितलं असतं. निदान मला तसं वाटतं. यावरही आता माझा पुरता विश्वास नाही.

निबंध मागे घेण्याचं पत्र लिहून ठेवलंय. स्क्रू ओळखण्यात आपण दोघेही चुकलो, आणि न केलेली तपासणी केली म्हणून सांगणारा एकटा मी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ताणाने चुंबकत्व बदलत असेलही. बाकीच्यांना थोडं दिसतंय, ते खरं असेल. आपण मात्र ते पाहिलेलं नाही.

ते पाठवण्याआधी वैशालीला सांगेन. मोठ्या सरांना माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं होतं आणि मी खोटं बोललो, अशा सरळ शब्दांत. ती मार्गदर्शक बदलून मागेल कदाचित. मागितलं तर त्याच दिवशी सही करीन. राहिली, तर माझा प्रत्येक आकडा तिने माझ्यासमोर पुन्हा मोजावा आणि मी तिच्याशेजारी गप्प बसून राहावं, एवढा शब्द तुम्हाला देतो.

तुमचा,
बालाजी