ह्यांचं माप

सोमवार, ता. ३

पोचलो एकदाचे! तिसरा मजला, दोन खोल्या, एक गॅलरी आणि गॅलरीसमोर थेट बाग. आठ दिवस हे घर आपलं, लेकीच्या कृपेने. ह्यांच्या ऑपरेशनला परवा वर्ष झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून तिने या मोठ्या शहरात घर शोधलं आणि आम्हाला न विचारता बुकिंग करून टाकलं. ह्यांनी लगेच यादी केली. सहा बागा, चार जुन्या वस्त्या, एक तळं. सकाळी बाग, येताना वस्ती. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेत, सुट्टीलाही वेळापत्रक लागतं.

घर स्वच्छ आहे. चादरी पांढऱ्याशुभ्र, नळाला गरम पाणी. पडदे मात्र वीतभर जास्त लांब, जमिनीवर लोळतात. चौतीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईच्या डोळ्यांत असलं काही सलतंच. मी माणसाचाही आधी खांदा बघते, मग चेहरा.

घरमालकीण जिन्यातच किल्ली देऊन गेली. हसण्याचे पैसे पडतात की काय तिला, कोण जाणे. कोट एवढा ढगळ की आत अजून एक बाई मावली असती. माझ्या पिशवीतली कात्री आणि टेप तिला दिसली, तेव्हा तिने एकच गोष्ट दोनदा बजावली. या घरात शिवणटिपण करायचं नाही, आणि गल्लीत कुणासाठी सुई हातात धरायची नाही. मी मान डोलावली. हे मागून म्हणाले की चला, मास्तरना सुट्टी मिळाली. लग्नापासून मला मास्तरच म्हणतात, स्वतः हेडमास्तर असून!

मंगळवार, ता. ४

आज तळ्याची बाग. दोन तास चाललो, तीनदा बसलो. हे दमले नाहीत. मी दमले, पण बोलले नाही. काठाने उंच झाडं आणि प्रत्येक झाडाला नावाची पाटी. हे प्रत्येक पाटी मोठ्याने वाचतात, जसा काही वर्गच समोर बसलाय. येताना छत्र्या दुरुस्त करणाऱ्यांची गल्ली लागली, मग जुन्या पुस्तकांची, मग एक उतार आणि त्यावर एकमेकांना टेकून उभी राहिलेली अरुंद घरं. वर्षभरानंतर ह्यांच्या गालांवर रंग आलेला पाहिला. मला दुसरं काही नको. हे असेच घरी परत न्यायचे, बस्स.

शहर छान, आपली गल्ली तेवढी खडूस. बाकावर बसलो की शेजारचा उठून जातो. आमच्या दारासमोर एक बाई राहतात, त्यांच्याकडे पाहून हसले तर त्यांनी दार लावून घेतलं. आणि कपडे बघावेत एकेकाचे! लहानथोर सगळे गोणपाटात शिरल्यासारखे. कुणाचा खांदा खांद्यावर नाही, बाह्या बोटांच्याही खाली. अख्ख्या वस्तीत शिंप्याचं एक दुकान नाही, यात नवल ते काय?

ह्यांच्या शर्टाचं बटण तुटलं, माझा पांढरा दोरा संपलेला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे मागितला. त्याने दिलेला ब्रेडसुद्धा माझ्या हातातून काढून घेतला आणि शटर अर्धं खाली ओढलं. दोराच मागितला होता, त्याची इस्टेट नाही. मला फार राग आला.

बुधवार, ता. ५

समोरच्या बागेत एक माणूस रोज एकाच बाकावर बसलेला दिसतो. ह्यांनी आज त्याला गाठलंच. हे भिंतीशीही गप्पा मारतील. मी पोचेपर्यंत ऑपरेशन, लेक, शाळा, सगळी रामकहाणी सांगून झाली होती आणि तो नुसता ऐकत होता. वय कळेना. मान वळवली की विसरून जावा असा चेहरा. कोट अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा. उठायला गेला तर घेर पायात अडकून तोंडावर पडला.

मला राहवलं नाही. जित्याची खोड! म्हटलं द्या इकडे, दोन तासांत आणून देते. घरमालकिणीचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण तिला कोण सांगायला जातंय? टेप काढली तसा तो दचकून मागे सरला, म्हणून नजरेनेच करायचं ठरवलं.

गॅलरीत बसून कोट उसवला, कापला, काळ्या दोऱ्याने हातशिलाई करून पुन्हा जोडला. लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय म्हणून हे चिडवत होते. शेवटचा टाका घालताना ध्यानात आलं की डोळे कुठेही असोत, हात आपल्या सवयीने चालला होता. खांदा साडेसतरा, छाती चाळीस, बाही चोवीस. हे तर ह्यांचं माप! तीस वर्षं तेच कापतेय, आंधळी झाले तरी तेच कापेन. त्या माणसाला मोठाच होणार, पण घेर तरी आवरला. नेऊन दिला. त्याने घातला, बाहीवरून हात फिरवला आणि पहिल्यांदा हसला.

जिन्यात समोरच्या बाई उभ्या होत्या. माझ्या अंगावर चिकटलेले काळे दोरे त्यांनी पाहिले आणि विचारलं की कुणाचं माप घातलं. मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, तोंडाला येईल ते बोलल्या आणि दार आपटलं. एका कोटापायी केवढा हा तमाशा!

गुरुवार, ता. ६

यादीतली तिसरी बाग, काचघराची. हे अर्ध्या तासातच बसले. छातीत दुखत नाही म्हणाले, नुसतं गळाल्यासारखं वाटतंय. पाट्या वाचल्या नाहीत. वस्ती न बघताच परत आलो.

बाकावर तो होता. काल त्याच्या खांद्यावरून दोन बोटं ओघळलेला कोट आज नेमका बसला होता. आधी मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. जिना चढताना मात्र पाय अडखळला. कापड एका रात्रीत आत येत नाही.

दारापुढे कुणीतरी कचऱ्याची पिशवी उलटी केली आहे. किराणावाला मला पाहून दुकानच बंद करतो. एका आईने आपल्या पोरीला माझ्या वाटेतून अशी ओढली की मी चावणारच होते जणू. आता, संध्याकाळी, पाच-सहा माणसं खाली उभी राहून आमच्या गॅलरीकडे बघताहेत. ढगळ कपड्यांतली, हाताची घडी घातलेली. ह्यांची कॉलर सैल दिसते आहे.

शुक्रवार, ता. ७

ह्यांच्या पायात बूट राहत नाहीत. बाग राहू दे म्हटलं आणि टेप काढली. ह्यांनी हसत हात वर केले.

खांदा पावणेसतरा. छाती साडेसदतीस. बाही तेवीस.

तीनदा मोजलं. माणसाचं पोट उतरतं, दंड उतरतो. खांद्याचं हाड पाऊण इंच आत जात नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही. ह्यांच्यासमोर टेप गुंडाळून ठेवली. ते विचारत राहिले, मी बारीक झालो का, तर बरंच की, डॉक्टर खूश होतील.

दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल. गॅलरीतून तिला बाग दाखवली. ती हसून म्हणाली, बाबा तिथे बाकावर एकटे का बसलेत. हे माझ्या शेजारी उभे होते. मी फोन ठेवून दिला.

मग समोरच्या बाईंचं दार ठोठावत राहिले. साखळी न काढताच बोलल्या. आवाजात माया नव्हती, पण सांगितलं सगळं. बाकीकडे माणसाच्या मापाने कपडा होतो. या वस्तीत कपड्याच्या मापाने माणूस होतो. ज्यांना स्वतःचं माप नाही असे इथे बागेत बसून असतात. त्यांना आपण होऊन काही घेता येत नाही, कुणीतरी शिवून द्यावं लागतं. दिलं की ज्याचं माप, त्याच्यातून ते ओढून घेतात. म्हणून इथे कुणी मापाने शिवत नाही. बाईंनी स्वतः एकदा शिवलं होतं. एकच जाकीट, नवऱ्याच्या मापाचं, दया येऊन. एवढं बोलून त्यांनी मागे वळून पाहिलं. आतून एक पुरुष चहा मागत होता.

दार लावताना म्हणाल्या, तुमच्यासारख्या पाहुण्यांचा आम्हाला तिरस्कार आहे. चार दिवस येता, बागा बघता आणि हे असलं आमच्या गळ्यात मारून जाता.

परतताना खालून हाक आली. मास्तर. ह्यांचाच आवाज. हे पलंगावर झोपले होते.

शनिवार, ता. ८

सकाळी आठला बॅगा घेऊन उतरलो. ह्यांना जवळजवळ उचलूनच. केवढे हलके! टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी, आणि मध्ये सगळी गल्ली. किराणावाला पुढे. ड्रायव्हरला त्यांनी परत पाठवला. मी हात जोडले, पाया पडते म्हणाले. एका म्हातारीने माझ्या अंगावर बादलीभर घाण पाणी ओतलं. अर्धवट झालेला तो माणूस त्यांना गल्लीत नको आहे. पूर्ण झाला की त्यांच्यापैकी कुणाच्याही घरात, टेबलावर येऊन बसेल म्हणतात. जे शिवलंस ते उसव, मग चालती हो. किराणावाल्याचे हे शब्द.

हे सगळं ऐकत होते. वर आल्यावर म्हणाले, मास्तर, तुझी काय चूक. एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पोलिसांना फोन केला. पत्ता सांगितल्यावर पलीकडून फोन ठेवून दिला.

खांदा पंधरा. शर्ट अंगावरून घसरतो —

तो बागेत पाट्या वाचत फिरतोय. मोठ्याने.

उद्या उसवणार. उसवायला काय लागतं? शिवायला अक्कल लागते. उद्या सकाळी.

रविवार, ता. ९

दहा वाजता.
मीच बोलावलं. बटण पक्कं करून देते म्हणून. आला. कोट काढून दिला, भोळ्यासारखा. खुर्चीवर बसलाय, ह्यांच्यासारखाच, पायावर पाय टाकून. हे आतल्या खोलीत. दार लावून घेतलंय.

डावी बाही उसवली. त्याचा दंड उतरला. डोळ्यांदेखत. देवा, जमतंय.

उजवी बाही. पाठ. तो मिटत चाललाय. आतून ह्यांनी हाक मारली, हलकं वाटतंय म्हणाले. हलकं म्हणजे बरं का, विचारायला गेले —

पलंगावर शर्ट. आत हे. असे — बाह्या सपाट —

चुकलं. माप त्याच्यात नव्हतं. ह्यांच्यातही उरलं नव्हतं. सगळं कोटात गेलं होतं आणि मी ते माझ्या हाताने —

साडेअकरा.
पुन्हा शिवतेय. साडेसतरा, चाळीस, चोवीस. टाका चुकतो. मध्ये हे लिहितेय, हात ताळ्यावर यावा म्हणून. खाली गल्ली ओरडतेय. दारावर लाथा. उसवलं का, उसवलं का.

शिवून ह्यांनाच घालायचा. ह्यांचं ह्यांना परत. सोपं आहे. आधी का सुचलं नाही?

पाठ झाली. एक बाही झाली.

बारा.
पाठीमागे पावलं. मी सुईत दोरा ओवत होते, बघितलं नाही. आता खुर्ची रिकामी, पलंग रिकामा. दोघं मधल्या दारात उभे. एकसारखे. कपडे लोंबताहेत, चेहरे धुऊन काढल्यासारखे. दोघांच्याही अंगात ह्यांचा शर्ट आहे — दोन शर्ट मीच आणले होते, पांढरे —

लेकीचा जन्म कुठला विचारलं. दोघांनी सांगितलं. बरोबर. माझी पहिली मशीन कुठून आणली. दोघांनी. एकाच वेळी.

रडू नका म्हटलं. दोघंही रडताहेत.

दुसरी बाही झाली. कोट तयार. एकच आहे. एकालाच —

दाराची कडी निखळली. समोरच्या बाई ओरडताहेत, घालू नको, कुणालाच घालू नको. त्यांचं काय जातं!

दोघांनी पाठ केली. रिकाम्या बाह्या मागे धरल्यात, मी कोट चढवावा म्हणून. मास्तर म्हणताहेत. घाई कर म्हणताहेत.

डावीकडचे. मान अशी झुकवतात हे. हो. डावीकडचेच. कोट उचलला —

नाही. थांबा. उजवीकडच्यांनीही आत्ता मान तशीच —