बस कन्नडहून सुटल्यावर

छावणी, औरंगाबाद
३० सप्टेंबर १९८५

चि. बद्रीनाथ यास अक्काचे आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तसं काही नाही.

परवा रेडिओवर तुझी मुलाखत झाली. लेकाचा आवाज ऐकावा म्हणून आईला मीच जवळ बसवलं. तुझ्या कादंबरीत नवऱ्याचं घर सोडून निघालेली रुक्मा कन्नडला एसटीत बसते, बस सुटते आणि पुस्तक संपतं. रुक्मा म्हणजे आपली धाकटी बहीण सारजा, हे आपल्या करमाड गावच्या गुरांनाही कळलं होतं. सारजाही त्याच स्टँडवरून गेली, ती आजवर परतली नाही. आई दर दिवाळीला माझ्याकडून ते शेवटचं पान वाचून घेते आणि म्हणते, गाडीत बसली व्हय, मग कुठंतरी उतरली असंल. सारजासाठी घेतलेली हिरवी साडी अजून पेटीत आहे.

आणि तू मात्र, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी रुक्माचं पुढं काय झालं असं विचारताच, रुक्मानं त्याच रात्री विहिरीत जीव दिला असं सांगून मोकळा झालास. पुस्तकात त्याबद्दल अक्षर नाही. कॉन्व्हेंटात आम्हाला शिकवलं होतं, पूर्णविराम दिला की टाक खाली ठेवायचा. तुमच्या निजामी शाळेत ते नसेल.

आई आता अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालायची म्हणते. सवाष्णपणी गेलेल्या बायकांचा तो दिवस. सारजाच्या नावानं तिनं तो कधी पाळू दिला नव्हता. तुला खरंच काही ठाऊक आहे का, तेवढं कळव. आशीर्वाद आहेत, सध्या तेवढेच.

अक्का


पुणे
३ ऑक्टोबर १९८५

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. स्टुडिओत समोर लाल दिवा लागलेला, बाई उत्तराची वाट बघत होत्या. लेखकानं ठाऊक नाही म्हणणं बरं दिसेना. आईला सांग, बद्रीनं बनवून सांगितलं. रुक्मा घाट उतरून चाळीसगावला राहिली, शिवणकाम करते, तिला दोन मुलं आहेत. धाकट्याला वाचायचा नाद आहे. नवमीच्या आत सांग. माझ्यावरचा राग ओसरला की पूर्वीसारखी माया असू दे.

बद्रीनाथ


छावणी
११ ऑक्टोबर १९८५

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, लेकराला आता माझी कीव आली. आधी बोलला तेच खरं, लई वर्षं पोटात ठेवलं त्यानं. ज्यानं लिहिलं त्याला ठाऊक नसंल तर कुणाला असंल, असं तिनं मलाच विचारलं. शाळेत शिकवण्यात जन्म घालवलेली मी तिच्याशी भांडले, आणि मग पुरण वाटून दिलं.

गल्लीतल्या आवडाबाईला सवाष्ण म्हणून बसवलं. हिरवी साडी तिला दिली. ती बाई आता तीच नेसून समोरच्या नळावर येते. आई उंबऱ्यात बसून तिला पाठमोरी बघते. हंडा भरून आवडाबाई वळायला लागली, की उठून आत जाते.

शेवटचं पान यंदा वाचायचं नाही म्हणाली. इथं यायची घाई करू नकोस. पण लोभ आटलेला नाही, हे लक्षात ठेव.

एक विचारायचं राहिलं. चाळीसगावच्या त्या दोन मुलांची नावं काय? मला एकटीलाच कळव.

अक्का