जुन्या फरशीवर नवी फरशी

४ जानेवारी १९७१, सोमवार
पुष्पीची सासू बायडाबाई आज केडगावला परत गेली. राहिली एक रात्र, बोलून गेली वर्षभराचं. पुष्पीला, माझ्या नातीला, सहावा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथं बेलापुरात, हे काय नव्यानं ठरवायचं आहे? तर म्हणे, साळूबाई, तुमच्या न्हाणीतल्या फरश्या फुटक्या, काळ्या पडलेल्या, माझ्या सुनंला लागलं बिगलं तर कोण बघणार? बाळंतपण आमी आमच्याकडंच करू.
बाळंतिणीला आणि लेकराला न्हाऊ घालायचं ते मी. या घरात दुसऱ्या कुणी घातलेलं नाही. या बायडाबाईच्या हाती लेकरू दिलं तर बटाट्यासारखं उकडून काढील.
मी सांगितलं, संक्रांतीला पुष्पीला घेऊन या आणि न्हाणी बघा. पसंत पडली तर पोरगी इथंच ठेवून जायची. हो म्हणाली.
ठराव: संक्रांतीच्या आत भिंतींना नव्या फरश्या. चार दिवसांचं काम. कुणावर ओरडायचं नाही.

६ जानेवारी
श्रीरामपूरहून पांढऱ्या टाईल आणल्या. कडेला निळं फूल. सिमेंट परमिटवर एकच पोतं मिळालं. पुष्कळ झालं.
मच्छिंद्र गवंडी आला. भिंतीवरून हात फिरवून हाताचा वास घेतला. म्हणतो, मावशी, जुनी फरशी समदी काढावी लागंल. न्हाईतर निदान छिन्नीनं खाचा पाडू द्या. ह्या गुळगुळीतावर सिमेंट धरायचं न्हाई.
मी म्हटलं, साठ वर्षं भिंती सारवते आहे. जुनं सारवण खरवडून नवं सारवलेलं कधी बघितलंस? थरावर थर चढतो तशी भिंत घट्ट होते.
म्हणाला, ते शेण हुतं मावशी. ही काच हाय.
चहा पाजून घरी पाठवला. कोरा पाजला. असल्या माणसाला दूध नसतं.
काम मीच करणार.

७ जानेवारी
खाचा पाडल्या तर ठोकाठोकीनं म्हैस दूध चोरते. याचा विचार गवंडी करत नाहीत.
सून चांगुणा विचारते, आत्याबाई, भिंत राखेनं घासून देऊ का, तेलाचा लई थर हाय. नको म्हटलं. इतकी लेकरं तिथं तेल लावून न्हाली, भिंतीला हात लावला तर चिकट लागतं. चिकटवायचंच तर आहे. आयतं मिळालंय ते घासून कशाला घालवायचं?

९ जानेवारी
सुरुवात केली. एकच पोतं, म्हणून सिमेंटमध्ये वाळू जरा सढळ आणि अर्धी बादली काकवी. माझ्या बापानं चुन्यात गूळ घालून विहीर बांधली. अजून एक दगड हललेला नाही. हे मच्छिंद्राला कुठून माहीत असणार.
संध्याकाळपर्यंत कमरेएवढं झालं. लेक राधाकृष्ण कारखान्यातून आला, बघून म्हणाला, बाई, वरची ओळ खाली सरकतीय. लेकाला आईचं काम सरळ दिसलंय कधी? भिंत बसते आहे. नवीन भिंत बसतेच.

११ जानेवारी
खांद्यापर्यंत काम आलं. देखणं दिसतं. थरानं भिंत जाड झाली, आता दार लागत नाही. हवा खेळेल. बाळंतिणीला हवा चांगली असं मीच म्हणते. (मागं मीच उलट म्हणाले होते. ते पावसाळ्यात.)
कोनाड्यात आता साबण मावत नाही. साबणानं तसंही कातडं फुटतं.

१२ जानेवारी
भिंतीला मुंग्या. सिमेंटचा मसाला अजून शिऱ्यासारखा मऊ. थंडी आहे म्हणून.
मुंग्या शुभ असतात.

१३ जानेवारी, भोगी
न्हाणीत पाट, फळी, ज्वारीची दोन पोती भिंतीला टेकवून ठेवली. गड्यांनी कालव्यावर आंघोळ करावी असा हुकूम काढला. राधाकृष्ण न्हाणीजवळ खोकला. त्याला बाहेर पाठवला.
उद्या सकाळी पोती काढणार. भिंत धरेल. धरली पाहिजे.

१४ जानेवारी, संक्रांत
दुपारी दोघी आल्या. पुष्पी गोल झाली आहे, चेहरा उजळला आहे. न्हाणी दारातून दाखवली. बायडाबाई म्हणाली, झ्याक केलंय साळूबाई, आता ऱ्हाऊ दे पोरगी हितं. हे तिच्या तोंडून माझ्या कानांनी ऐकलं. इथंच तिळगूळ देऊन तिला वाटेला लावायला हवं होतं.
पाय धुते म्हणून ती आत शिरली. मी म्हटलं, पाय अंगणात धुवा, ऊन चांगलं आहे. ऐकते कशाची. कढत पाण्याचा तांब्या पायावर ओतला, चार शिंतोडे भिंतीवर गेले. आधी एक फूल पडलं. मग त्याच्या शेजारचं. मग सगळी भिंत उतरली, गाडीतून माणसं उतरतात तशी.
बायडाबाईच्या अंगठ्याला लागलं. थोडंच. पुष्पी पोट धरून हसत खाली बसली. आमच्या मालकांनी बसवलेली जुनी फरशी एक हलली नाही. म्हणजे भिंत पक्कीच होती, माझं म्हणणं खरं ठरलं.
बायडाबाई एवढंच म्हणाली, पुष्पे, पिशवी घे.
पुष्पी जाताना दोनदा मागं वळली. मी म्हैस बघत होते.

२ फेब्रुवारी
मच्छिंद्रानं जुनी फरशी काढून नवी बसवून दिली. बुक्की मारली तरी हलत नाही. जुनी काढायचं मी त्याला आधीपासून सांगत होते.
केडगावला तसा निरोप धाडला. उत्तर: आता पोरगी हलवत न्हाई.

९ एप्रिल
पुष्पीला मुलगी झाली, केडगावात. राधाकृष्ण बघून आला. नाक माझ्यावर गेलंय म्हणतो. बायडाबाईचा निरोप आणला: साळूबाईंना म्हणावं, लेकराला न्हाऊ घालायला या. आमच्या न्हाणीला फरश्याच न्हाईत, तवा काई पडायचं भ्या न्हाई.
चांगुणा तोंडाला पदर लावून चुलीकडं गेली.
मी स्पष्ट सांगितलं, या जन्मात केडगावची पायरी चढणार नाही.

संध्याकाळी
शिकेकाई कुटली. तेलाचा डबा भरला. न्यायला भरवशाचं माणूस नाही, म्हणून सकाळच्या एस.टी.नं मीच डबा दारात ठेवून परत येणार आहे. पाच लुगडी घेतली. रस्त्याला धूळ फार असते.